बाईंची मुलगी

१२ एप्रिल

आज गोटीने मला विचारलं — "बाई, तुम्ही जेवलात का?"

घरात! स्वयंपाकघरात! माझ्या हातात खरकटी ताटली आणि समोर माझ्या स्वतःच्या पोटची पोर मला अहो-जाहो करतेय. नवरा हसून हसून लोटपोट. "काय शिस्त लावलीस, मानलं तुला!" मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

१३ एप्रिल

आजही 'बाई'च. दुधाचा पेला पुढे केला तर म्हणते, "थँक्यू बाई."

१५ एप्रिल

नियम माझाच. बालवर्गाच्या दाराच्या आत मी बाई, दाराबाहेर आई. नसता केला तर काय करणार होते? गोटीही माझ्याच वर्गात; वर्षाच्या सुरुवातीला माझ्या गुडघ्याला चिकटून असायची, आणि मुलांच्या दोघीतिघी आया मला ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजायच्या — "बाईंची लेक म्हटल्यावर काय, घसरगुंडीवर पहिला नंबर!" माझ्या डोक्यात तिडीक गेली. मग मी तिला शेवटचा नंबर देत गेले. पडली तर सगळ्यांच्या शेवटी उचललं. रडली तर "शहाणी मुलं रडतात का?" — वाक्य सगळ्यांना तेच, फक्त तिला जरा जास्त कडक आवाजात. कोणी बोट दाखवायला नको ना!

पोरीने आठवड्यात शिकून घेतलं. बाकीच्यांना बुटाचे बंद बांधायला वर्ष पुरत नाही.

१९ एप्रिल

माझं कामच हे. मुलांना शाळेसाठी तयार करायचं. बटणं लावणं, नाक पुसणं, शू आली की वेळेत सांगणं, आपला डबा आपण उघडणं — आणि सगळ्यात अवघड म्हणजे आईचा हात सोडणं. त्यात मी पटाईत. आया म्हणतात, "बाई, तुमच्या हाताला गुण आहे." आज एक तर माझे आभार मानताना रडली.

मला तिचा राग आला. तिचं पोर घरी जाऊन तिला आई तरी म्हणतं.

२३ एप्रिल

आज वर्गाला सुट्टी. लाडीगोडी लावून पाहिली. गोटीला मांडीवर घेतलं, केस विंचरले.

"मी कोण गं?"

"बाई."

"आणि घरी कोण?"

"घरी दमलेल्या बाई."

नवरा या वेळी हसला नाही. म्हणाला, "तू वर्ग सोड काही दिवस." बोलायला काय जातं! सगळी पोरं काय वाऱ्यावर सोडू? तो म्हणाला, "सगळ्यांची काळजी आहे तुला." आणि पेपर उघडून बसला.

२ मे

मोठ्या शाळेत गोटीला दाखवून आणलं. तिथल्या बाई वयस्कर, चष्मा गळ्यात लोंबता, बोलणं मऊ. गोटीने सगळं फटाफट केलं. रंग ओळखले, पेन्सिल नीट धरली, शर्टाची बटणं खालपासून वरपर्यंत लावली. मी मागच्या खुर्चीवर. खोटं कशाला लिहू — छाती फुगली होती.

मग त्यांनी सहज विचारलं, "कोणाबरोबर आलीस बाळा?"

"बाईंबरोबर."

"हो का? आणि आई?"

"आई यायचीय अजून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मीच आई," मी म्हणाले. आणि माझं मलाच ते खोटं वाटलं! जमिनीत गडप व्हावंसं झालं. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं — "जागा आहे. पण हिला आधी कुणीतरी घट्ट धरायला हवं हो. न धरलेलं पोर सोडायचं कसं?"

परतताना गोटी माझं बोट धरून शहाण्यासारखी चालत होती. मुलं बाईंचं धरतात तसं.

३ मे

काही लिहायचं नाही. स्वतःचा वीट आलाय.

६ मे

आजारी आहे असं कळवावं आणि घरी बसावं, असं रोज वाटतं. पण घरी बसून होईन कोण? घरी बसलेल्या बाई.

९ मे

आता कळलं.

वर्ग सुटतानाची पद्धत अशी — पोरं दप्तर अडकवून दाराशी बाकावर बसतात. फाटकातून ज्याची आई येताना दिसेल त्याने मला विचारायचं, "बाई, जाऊ?" मी "जा" म्हटलं की पळायचं. गोटीही दप्तर अडकवून बसते. सगळी गेली की मी म्हणते, "चल, ठोकळे आवर." ती हूं की चूं न करता उठते. मला वाटायचं, काय गुणाची पोर!

आज दोन शेंड्यांवालीची आई आली. शेंड्यांवाली जागची हलेना. "आई, हिलापण आपल्याकडे नेऊ या. हिची आई कधीच येत नाही."

तिची आई ओशाळली. "अगं वेडे, बाईच आहेत ना तिची आई!"

"छे! बाई तर आतच असतात."

गोटीने मान डोलावली. तिला ते अगदी पटलं होतं.

वर्षभर! वर्षभर ती रोज तिथे बसून माझी वाट बघत होती, आणि मी तिच्या पाठीमागे उभी राहून दुसऱ्यांच्या पोरांना "जा" म्हणत होते. मी यायलाच तयार नव्हते, आणि तिला शाळेसाठी तयार करत बसले.

१० मे

सगळी पोरं गेली. गोटी बाकावर. मी ठोकळ्यांचं नाव काढलं नाही. मागच्या दाराने बाहेर पडले — अनवाणीच! — भिंतीला वळसा घालून फाटकातून आत आले आणि हात केला.

ती बघत राहिली. मग मागे वळून रिकाम्या वर्गाला म्हणाली, "बाई, माझी आई आली. जाऊ?"

आणि उत्तराची वाट न बघता धावत सुटली.