मुक्या रेडिओपुढचे घोंगडे

प्रति,
मा. ग्रामीण नभोवाणी निरीक्षक साहेब,
जव्हार.

अर्जदार: वामन देवराम गभाले, प्राथमिक शिक्षक व संचपालक, मु. सूर्यमाळ, मोखाडे.

विषय: सार्वजनिक रेडिओ संच साडेपाच महिने मुका असूनही श्रोते उठत नसल्यामुळे अर्जदारास घरी जाता येत नाही, त्याबाबत.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे सात अर्ज. २) आपले पत्र, दि. ११ फेब्रुवारी १९५७. ३) आपल्याच सहीचे प्रशस्तिपत्र, दि. १५ एप्रिल १९५७.

महोदय,

१. आदरपूर्वक कळवितो की, जव्हार संस्थान विलीन झाल्यावर सूर्यमाळेस सरकारकडून आलेली पहिली बोलती वस्तू म्हणजे हा संच. तो दि. २ ऑक्टोबर १९५५ रोजी शाळेत बसविला गेला, आणि नियमांचे छापील पुस्तक हाती देऊन मला संचपालक नेमले गेले. मला कोणी विचारले नव्हते. पण तक्रार ती नाही.

२. नियम असे: संचपालकाने रोज सायंकाळी साडेसहा ते साडेसात जातीने हजर राहावे. श्रोत्यांची हजेरी व झालेला कार्यक्रम रजिस्टरात लिहावा. सलग महिनाभर हजेरी वीसच्या खाली गेल्यास संच परत न्यावा. आणि संचपालकास मोकळे व्हायचे असल्यास त्याने चालू स्थितीतील संच दुसऱ्याच्या ताब्यात द्यावा. शाळेस उन्हाळी सुट्टी असते, संचास नसते. माझे घर मुरबाडकडे. पायी जाण्यास दोन दिवस, येण्यास दोन दिवस. गेल्या ३ डिसेंबरला मला मुलगी झाली. मंगळी हे नाव ठेवल्याचे पत्राने समजले. मी तिला अजून पाहिलेले नाही. हा सगळा अर्ज एवढ्यासाठीच आहे, साहेब. बाकीचे लिहिणे कारणापुरते.

३. दि. १८ नोव्हेंबर रोजी संचाची बॅटरी संपली. खरे सांगतो, मला आनंद झाला. मुक्या पेटीपुढे कोण बसणार? महिन्यात हजेरी घटेल, संच जव्हारला परत जाईल, आणि मी बाळंतिणीजवळ असेन. मी धोंडीबाईस विसरलो, हा माझा अपराध.

४. धोंडीबाई ही येथील लग्नांत गाणारी म्हातारी. दोन्हींकडची वऱ्हाडे समोरासमोर बसून गातात, एका बाजूच्या गाण्याला दुसऱ्या बाजूने उत्तर द्यायचे, ही इथली रीत. उत्तराविना गाणे फक्त मयताजवळ. त्यामुळे मुंबईचा रेडिओ गायला की कार्यक्रम संपताच धोंडीबाई व तिच्या बाया त्यास उत्तर देत. पेटीस ऐकू येत नाही, हे त्यांस आपल्याइतकेच ठाऊक आहे. पण कोणी गायले तर आपण गप्प बसावे काय, असे त्यांचे म्हणणे. रीतीतील पुढचे कलम असे की, समोरच्यांचा आवाज गेला तर या बाजूने उठायचे नाही. त्यांना कंठ फुटेपर्यंत गात राहायचे. उठले की समोरच्याचा अपमान. घरी जेवायला, झोपायला जावे, पण बैठकीचे घोंगडे जागेवरच ठेवावे. ते घोंगडे साडेपाच महिने शाळेत अंथरलेले आहे. मुले त्याला वळसा घालून पाढे म्हणतात.

मी हात जोडून म्हणालो, बाई, आता तरी उचला. त्यावर ती म्हणाली, "गुरजी, वर्सभर त्यानं आपल्याला गानी आयकवली. आता तो मुका झाला म्हनून आपुन उठून जायाचा?" मी नियमांचे पुस्तक मिटून कपाटात ठेवले.

५. उलट हजेरी वाढली. खालच्या पाड्यावरचा ढवळू तारपा, म्हणजे फुंकून वाजवायचे भोपळ्याचे वाद्य, घेऊन येऊ लागला. पोशेऱ्याची बाळी नागली दळतानाची गाणी आणते. नवसू मुंबईस मिठागरावर जाऊन आला आहे, तो अर्धे हिंदी व अर्धे कोणत्याच भाषेत नसलेले गाणे म्हणतो व सर्वांस हसवितो. या दिवसांत पाण्यासाठी बायांची अर्धी दुपार झऱ्यावर जाते, तरी हंडा उतरवून त्या बैठकीस येतातच. मुंबईचे बोलणे मला समजावून सांगावे लागे. आता कोणी मला काही विचारत नाही. नियमाप्रमाणे मी 'कार्यक्रम' या रकान्यात खरे तेच लिहिले: ढवळू, तारपा, बाळी, दळण, नवसू, इतर.

६. बॅटरीसाठी मी अर्जावर अर्ज केले. आपण कळविले की, "हजेरी एकवीसवरून त्रेसष्टवर गेल्याचे पाहता संच उत्तम चालू असल्याचे दिसते, सबब बॅटरीची आवश्यकता नाही." वर उत्कृष्ट केंद्राचे प्रशस्तिपत्र पाठवून माझी नेमणूक आणखी एक वर्ष वाढविली. साहेब, प्रशस्तिपत्र वाचून मी शाळेमागे जाऊन रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो.

७. मग मी दोन उपाय केले. एका सायंकाळी कपाटामागे लपून, आवाज जाड करून, मुंबई केंद्राच्या वतीने गायलो. सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले. शेवटी धोंडीबाई कपाटाकडे पाहून म्हणाली, "गुरजी, घसा बसंल. तुमी आमच्यातले, तुमचं उत्तर नाय धरायाचा." आणि मला गुळाचा खडा दिला. दुसऱ्या वेळी, नोकरी जावो की राहो म्हणून, मी सरळ मुरबाडची वाट धरली. ओढ्यापाशी मागे पाहतो तो सगळी बैठक येत होती. नवसूच्या डोक्यावर संच, धोंडीबाईच्या खांद्यावर घोंगडे. मला अडविण्यास नव्हे. संचपालकाशिवाय संच राहू नये, मग माझी नोकरी कशी राहील, म्हणून तेही मुरबाडला निघाले होते! संच गावाबाहेर नेणे हा मोठा गुन्हा. मी परत फिरलो. इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्हींकडची माणसे भली, हे जास्त वाईट.

८. सबब मागणी एकच आहे. एक नवी बॅटरी द्यावी, म्हणजे चालू संच दुसऱ्याच्या ताब्यात देऊन मी घरी जाईन. ते जमत नसल्यास आपण स्वतः येथे येऊन घोंगड्यासमोर बसावे व दोन ओळी गाव्यात. आपण सरकारच्या बाजूचे, तेव्हा आपले उत्तर चालेल व घोंगडे उचलता येईल, असे धोंडीबाईने मान्य केले आहे. आपणांस गाता येते किंवा कसे, याची मला माहिती नाही. सुराची अट नाही.

९. शेवटचे कळविणे. या बायांनी माझ्या मुलीवर गाणे बांधले आहे. ते रोज शेवटी म्हणतात. त्यात ती मुरबाडात रांगू लागली, झऱ्यावर आली, असे सारे आहे. मधल्या एका ओळीसाठी त्या मला रोज विचारतात, गुरजी, पोर दिसायला कशी, डोळे कोनाचे घेतले? मला सांगता येत नाही. मग तेवढी ओळ त्या गात नाहीत. सगळे तेवढा वेळ गप्प राहतात, आणि पुढची ओळ सुरू होते.

आपला नम्र, व अद्याप जागेवरच असलेला,
वामन देवराम गभाले
सूर्यमाळ, दि. ६ मे १९५७

सोबत:
१) हजेरी रजिस्टराची नक्कल.
२) प्रशस्तिपत्र, मूळ प्रत, साभार परत.
३) मंगळीचे गाणे, ऐकले तसे लिहून, पाचवी ओळ कोरी.