मांडवाच्या फाटकावरचा मामा

जुन्नर

चि. दादाभाऊस ताईचे अनेक आशीर्वाद.

महाळुंग्यात सगळे खुशाल असाल. वहिनीचा गुडघा आता वळत असेल (नसेल तर मी पाठवलेलंच तेल लावायचं, शेजारणीचं नाही). तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

माझ्या दिशाच्या लग्नात असं कसं झालं, हे अजून उमगत नाही. ओतूरच्या कार्यालयात मुलाकडच्यांनी सजावटवाल्यांकडून चार तुतारीवाले सांगितले होते. चौथा आलाच नाही. तेवढ्यात तू आपल्या आबांची तुतारी फडक्यात गुंडाळून आलास आणि सजावटवाल्यांच्या माणसानं "किती उशीर राव" म्हणत तुझ्या डोक्यावर फेटा चढवला. मी नवरीचा मामा, एवढं तरी म्हणायचंस. फाटकावर पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडणारा आपला संपत सांगतो, तू म्हणालास, "भाचीचं पावणं हायेत, आपुन वाजवलं तर काय झिजतंय?"

इकडे अंतरपाट धरलेला, भटजी मामाला बोलवून दमले, आणि शेवटी नवरीमागे वाढप्यांतला रामनाथ उभा राहिला, पळीसकट. (फोटोत ती पळी दिशाच्या मुंडावळ्यांतून उगवल्यासारखी दिसते.) मला तुतारी ऐकू येत होती रे. अगदी आबांसारखी वाजवतोय कुणीतरी, म्हणून डोळे पुसले, पण उठून पाहिलं नाही. तू वाजंत्र्यांच्या डब्यातलं जेवून परस्पर गेलास, हे कळल्यावर मी वाढलेलं ताट बाजूला सारलं.

तुतारीवाल्याचे किती अर्थ झाले. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरच्या जाड इंग्रजी डिक्शनरीत 'ट्रम्पेटर' म्हणजे वाजवणारा होता, शिवाय एक पक्षी, एक मासा आणि एक बढाईखोर. निवडणुकीपासून इथं कुणाला तुतारीवाला म्हटलं, तर तो आधी कुठल्या पक्षाचा ते ठरतं. सजावटवाल्यांना तो फाटकावरच्या कुंडीइतकाच. मला मात्र सुट्टीत एसटीतून उतरल्यावर वेशीवर वाजवणारे आबा दिसतात, आणि मेंढरं सोडून पळत येणारा तू.

राग धरायचा तर धर, पण फोन उचल.

तुझी
रत्नाताई

ता. क. रविवारी दिशा पहिल्यांदा माहेरी येतेय. फोटोवाला आणि अंतरपाट, दोन्ही सांगून ठेवलेत. जावई हसतील, हसू देत. तू फक्त तिच्या मागे उभा राहा.

पुन्हा ता. क. सजावटवाल्यांचा फोन आला होता. तिघांपेक्षा तो चौथा चांगला, नंबर द्या म्हणाले. मी ठणकावलं, तो भाड्यानं मिळत नाही, आमच्या घरचा आहे. मग वाटलं, तुझ्या चार सुपाऱ्या बुडवल्या. विचारून सांगते म्हटलंय. निदान तेवढ्यासाठी तरी उचल.