तुझ्या नातीच्या दाराचं लॉक

आई, तुझी नात परत आली आहे. पाहुणी म्हणून नाही, राहायला. दोन बॅगा आणि मांडीवर कढीपत्त्याची कुंडी धरून ती रिक्षातून उतरली, मागच्या खोलीत जाऊन झोपली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. तू गेलीस तेव्हा ती धड शाळेतही जात नव्हती, म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोर अजून ती फ्रॉकमधली पोर असणार. आता चौतिशीची बाई आहे आणि कपाळावर माझीच आठी आहे. काय झालं ते तिने सांगितलं नाही. मी एकदाच विचारलं, ती 'आई, नको ना' म्हणाली, आणि मी तोंड आवरलं. मी तोंड आवरलं यावर तुझा विश्वास बसणार नाही, पण आवरलं. शेजारणीला मात्र ते जमत नाही. तिने लिफ्टमध्ये विचारलंच, 'बेटी कितने दिन रहेगी?' मी सांगितलं, 'जितने दिन मैं रहूँगी.' त्यानंतर ती जिन्याने जाते. गुडघ्यांना व्यायाम होतोय, चांगलं आहे.

आल्यापासून तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. एका सकाळी चहाचा कप धुता धुता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, 'माझ्या दाराची बाहेरची कडी काढून टाकशील? आणि आतून बंद होईल असं काहीतरी बसव. चावी नसलेलं.' इथल्या जुन्या बिल्डिंगींत बिल्डरने प्रत्येक खोलीला दोन्ही बाजूंनी कडी दिलेली असते. आतली कडी इतक्या दिवाळ्यांच्या रंगांखाली अडकून बसली होती की ती हलतच नव्हती, ते मला कळत होतं. पण बाहेरची कुणाचं काय खात होती? मी म्हटलं, राहू दे की, गावाला जाताना खोली लावायला बरी पडते. ती म्हणाली, 'मला नकोय.' एवढंच. आणि मी, नुकत्याच घरात आलेल्या मुलीचा हट्ट पुरवावा तशी, स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

दुकानदाराने काउंटरवर पितळी, काळी, सोनेरी हँडलं मांडली. सगळ्यांना चावी. चावी नको म्हटल्यावर त्याने खालच्या खणातून एक साधा स्टीलचा सेट काढला. आतल्या बाजूला बोटाने फिरवायचा छोटा नॉब, बाहेरच्या बाजूला नॉबच्या जागी एक खाच. आत कुणी अडकलं तर बाहेरून त्या खाचेत नाणं घालून फिरवायचं, दार उघडतं. 'पर बेन, ये तो बाथरूम का है,' तो म्हणाला, 'बेडरूम को ऐसा कोई नहीं लगाता.' मी म्हटलं, मी लावते. खरं सांगू, ती खाच बघूनच मी तो सेट घेतला. दार आतून लावून घेतलेल्या बायकांच्या बातम्या मी रोज पेपरात वाचते. ती आत असते आणि आवाज येत नाही तेव्हा मला काय काय दिसतं ते इथे लिहिणार नाही. तू आई आहेस, तुला कळेल.

सुतार दुसऱ्या दिवशी आला. कुठली खोली विचारल्यावर मी 'बेटी का कमरा, वो पीछेवाला' म्हटलं आणि चहा टाकायला गेले. ड्रिलचा आवाज, भुसा, पटाशीची ठकठक, सगळं रीतसर चाललं होतं. मग त्याने हाक मारली, 'मॅडम, हो गया, देख लो.' तुझी नात खोलीतच होती. मी पॅसेजमध्ये पोचेपर्यंत त्याने दार ओढून घेतलं आणि आमच्या बाजूचा नॉब फिरवला. 'दीदी, अब अंदर से खोल के देखो.' आतलं हँडल एकदा खडखडलं. मग थांबलं. पुन्हा खडखडलं नाही, हाकही आली नाही. मला उमगायला जरा वेळ लागला की नॉब आमच्या बाजूला आहे आणि खाच तिच्या बाजूला. मी विचारलं, हे काय केलंत? तो अगदी सरळपणे म्हणाला, 'आपने बेटी का कमरा बोला था ना, तो मैंने सोचा बाहर से बंद करना होगा.'

माझं हिंदी रागात संपतं, हे तुला माहीत आहे. पुढचं सगळं मी इंग्रजीत बोलले, शाळेतल्या नन्स बोलायच्या तशा इंग्रजीत, आणि ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं. त्याने घाईघाईने दार उघडलं. ती कपाटाला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात काखेत घट्ट दाबलेले. सुताराला शांतपणे म्हणाली, 'भैया, उलटा लगा है, पलट दो.' मग माझ्याकडे बघत मराठीत म्हणाली, 'तिकडे पण कडी बाहेरूनच लागायची. भांडण झालं की सासूबाई लावायच्या. हा ऑफिसातून आला की काढायचा.' मी विचारलं, तो काय म्हणायचा? 'म्हणायचा, आई तापट आहे, मनावर घेऊ नकोस.' सुतार खाली बघून स्क्रू काढत होता. या भागात राहणाऱ्याला मराठी कळत नाही अशी आशा कुणी करू नये. मग तिने विचारलं, 'चहा झाला का?'

आई, मी त्या घरी जेवले आहे. एकदा नाही, अनेकदा. त्या बाईने आग्रह करून बासुंदी वाढली आणि मी ती खाल्ली. हात धुवायला त्याच पॅसेजमधून गेले. पितळेची कडी होती, घासून लखलखीत केलेली, आणि मला वाटलं, काय टापटीप घर आहे. लग्नपत्रिकेतल्या इंग्रजीची चूक मला हातभर लांबून दिसते, आयुष्यभर ऑफिसात लोकांचे कागद मी एका नजरेत परत केले, आणि ही कडी मला दिसली नाही. कारण कडी आपल्या सगळ्यांच्या घरात असते. त्या बाईला मी काय काय ऐकवेन ते मी रोज आंघोळ करताना जुळवते. फोन मात्र तुझ्या नातीने करू दिला नाही. म्हणाली, 'तू बोलशील छान, पण नंतर ते मलाच ऐकावं लागेल.'

तेव्हापासून मला आपली दादरची आतली खोली आठवते आहे. शाळेत नन्सनी शिकवलं होतं की दार वाजवल्याशिवाय आत जायचं नाही. मी ते घरात सांगायला लागले की तू म्हणायचीस, 'दोन खोल्यांत टकटक कुठे करू, तुझ्या डोक्यावर?' तर त्या खोलीला मी एका दुपारी आतून कडी लावली होती. बाबांनी मला न विचारता ठाण्याच्या लोकांना लग्नाचा होकार कळवला होता. बाबा दार बडवताहेत, काका म्हणताहेत बिजागऱ्या काढू, आणि मी ट्रंकेवर बसून मनात काय काय ठरवते आहे. तेवढ्यात तुझा आवाज येतो. मला नाही, त्यांना. 'कुणी हात लावायचा नाही दाराला.' मग तू दाराला टेकून खाली बसलीस, ते लाकडातून मला कळलं. म्हणालीस, 'मी इथे वाल सोलतेय.' बस. ये म्हणाली नाहीस, रडू नकोस म्हणाली नाहीस, ठाण्याच्या लोकांचं काय करणार तेही बोलली नाहीस. अधूनमधून नळाचं पाणी, वरच्या बाईची नवी शेगडी, असलं काहीतरी. संध्याकाळी मी बाहेर आले तेव्हा मला तुझा संताप आला होता. मी आत मरायला बसले आहे आणि हिला वाल सुचताहेत! त्या रात्रीच्या बिरड्यात निम्मी सालं होती, बाबा एकेक साल ताटाच्या कडेला काढून ठेवत होते, आणि तू, जिच्या हातून वालाला एक साल चिकटून राहायचं नाही, मान खाली घालून जेवत होतीस. ठाण्याला नकार गेला. तो तू कसा पाठवायला लावलास ते तू सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. सालांचंही विचारलं नाही. सालांचं काय विचारायचं, असं मला या आठवड्यापर्यंत वाटत होतं.

मला आता विचारायचं आहे, तू कशी बसलीस? तुझ्या बाजूला तर खाचही नव्हती.

सुताराने लॉक पलटून नीट बसवलं, बाहेरची कडी काढली, भोकं पुट्टी भरून बुजवली. तुझ्या नातीने आत जाऊन नॉब फिरवून बघितला, बाहेर आली आणि खाचेवर बोट ठेवलं. 'हे कशाला?' मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, माझ्यासाठी आहे, मला भीती वाटते. नको असेल तर उद्या दुसरं आणते. तिने बराच वेळ खाचेवरून अंगठा फिरवला. म्हणाली, 'असू दे. तुझ्या हातात आहे तर असू दे.'

हे मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला जागा नाही, तेव्हा तुला खरं सांगायला हरकत नाही. आज जेवणानंतर ती आत गेली, नॉबचा बारीक आवाज आला, आणि मग काहीच आवाज येईना. पंख्याचा नाही, फोनचा नाही. मी पॅसेजमध्ये उभी राहिले. भाजी आणून निवडत बसावं, काहीतरी बोलावं, असं मनात होतं, पण मला तुझ्यासारखं बसता येत नाही. पर्समधून नाणं काढलं आणि खाचेत टेकवलं. फिरवलं नाही, आई. फक्त बसतं का ते बघत होते. आतून ती म्हणाली, 'आई, मी आहे. वाचतेय.'

मी म्हटलं, हँडल पुसतेय.