दोन मानपत्रांच्या विंडोंमध्ये हद्द कायम करून मिळणेबाबत

प्रति,
मा. तालुका संगणक समन्वय अधिकारी,
जुन्नर, जि. पुणे.

विषय : एकाच संगणकावर दोन मानपत्रे उघडी राहिल्याने माझ्यावर झालेल्या अन्यायाबाबत.
संदर्भ : यात्रेतील सत्कार समारंभ, व तेव्हापासून उडालेली माझी झोप.

महोदय,

जगातील सारी थोर कामे एका वेळी एकच काम करणाऱ्या माणसांनी केलेली आहेत. (हे वाक्य लिहिताना मी शेंगा सोलत होतो, ती बाब निराळी.)

१. गावातील सत्कारांची मानपत्रे मी पूर्वापार लिहीत आलो आहे. अलीकडे श्री. चिमाजी हांडे हेही लिहितात. यंदा यात्रेत दोन सत्कार ठरले : निवृत्त होणारे मुख्याध्यापक रामनाथ गुरुजी, आणि बैलगाडा शर्यतीत पहिला आलेला बैल. गुरुजी माझ्या वाट्याला आले, बैल चिमाजीच्या.

२. आम्ही दोघेही एकाच वेळी बाजारपेठेतील संगणक केंद्रात पोचलो. तेथील कु. स्नेहल हिने दोन्ही मानपत्रे एकाच पडद्यावर उघडली. वरचे दिसते, खालचे झाकते, अशी ही व्यवस्था आहे. ती म्हणाली, "काका, एकाचं उरकू द्या, तवर दुसऱ्याची विंडो बंद करते." आपली विंडो बंद होऊ देण्यास दोघांनीही नकार दिला. "आमचं बी घे की जरा वर!" असे आधी चिमाजी म्हणे, मग मी. ती बिचारी खालच्या पट्टीवरून अदलाबदल करीत दोघांचाही मजकूर टाइप करीत राहिली. दोन्ही फाइलींना नाव 'मानपत्र' असेच होते. छापून आल्यावर मी एवढेच तपासले, की माझे नाव चिमाजीच्या नावापेक्षा बारीक नाही ना.

३. समारंभात चिमाजीने बैलापुढे वाचले : "अत्यंत मितभाषी असूनही आपण पिढ्या घडविल्यात." हे वाक्य माझे. मांडवात शिट्ट्याच शिट्ट्या. बैलाचा मालक ओरडला, "चिमाजीभाऊ, लई भारी लिवलंय राव!" पाठोपाठ गुरुजींपुढे मी वाचून गेलो : "चढ दिसला की आपला जोर दुप्पट होतो, मागून कुणी हाकण्याची वेळ आपण कधी येऊ दिली नाहीत." हे चिमाजीचे. गुरुजींना रडू फुटले. मला मिठी मारून म्हणाले, "सावळेराम, हे कुणी पाहत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं."

४. शिट्ट्या ऐकून यात्रा कमिटीने पुढील सर्व मानपत्रे चिमाजीकडे दिली. मी खरे सांगितले तर शिट्ट्या माझ्या होतात, पण गुरुजींचे रडणे बैलाच्या नावे जाते. म्हणून मी गप्प आहे. चिमाजीही गप्प आहे. त्याच्या गप्प बसण्यातसुद्धा मला मोठेपणा दिसू लागला आहे, आणि तो सोसवत नाही.

५. सबब विनंती, की दोन विंडोंमध्ये सरकारी मोजणी होऊन हद्दीच्या खुणा गाडण्यात याव्यात. माझी विंडो उघडी असताना चिमाजीची कुलूपबंद राहावी. ते शक्य नसल्यास त्याची विंडो दूर डोंगरातल्या आहुपे गावी कायमची वर्ग करावी.

यांपैकी काहीच होण्यासारखे नसल्यास, हाकण्याचे ते वाक्य चिमाजीला सुचले कसे, एवढे त्याला विचारून कळवावे. मी विचारले असे सांगू नये.

आपला नम्र, व तूर्त रिकामा,
सावळेराम डुंबरे
मु. ओझर, ता. जुन्नर
दि. १४ मे २०२५