एका फुलवालीच्या मरणाचा तपास

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी तुझ्यावर एक रहस्यकथा लिहून बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून थोडक्यात सांगते. एक फुलवाली बाई एका महाराजांच्या आश्रमात मरते. सगळे म्हणतात, तिची वेळ भरली होती. एक निवृत्त महिला हवालदार मात्र तेवढ्यावर गप्प बसत नाही. गुडघ्यांनी अधू असूनही ती भक्तीण म्हणून तिथे राहायला जाते, मेथी निवडता निवडता बायकांना बोलतं करते आणि शेवटी महाराजांच्या हातात बेड्या पडतात. खऱ्यात पडल्या नाहीत. आश्रमात आता संगमरवरी फरशी आहे आणि गुरुवारी गाड्या लावायला जागा पुरत नाही.

कादंबरीतली फुलवाली फार भोळी आहे. तू तशी नव्हतीस. पंचवटीतल्या बाजारात ओल्या गोणपाटावर शेवंती मांडून बसायचीस, तेव्हा शिळं फूल ताज्यात मिसळणाऱ्या व्यापाऱ्याला चारचौघांत सुनवायचीस. अण्णा गेले, मी लग्न होऊन गंगापूर रोडला आले आणि मळ्यातल्या घरात तू एकटी उरलीस. आश्रमात हार पोचवायला जायचीस, मग दुपारी तिथेच जेवू लागलीस, आणि एका दिवाळीनंतर घराला कुलूप लावून तिथेच राहिलीस. मला हे शेजारणीकडून कळलं.

मी तुला आणायला आले तो दिवस मला लख्ख आठवतो. तू मंडपामागच्या पडवीत बसली आहेस, मांडीवर झेंडू, बोटं पिवळी झालेली.

“चल घरी,” मी म्हणते.

“कोणत्या घरी?”

“माझ्या.”

“तुझ्या घरी मी सोफ्यावर बसते. पाहुण्यावानी. इथं सकाळी पन्नास हार लागत्यात. मी नाय केले तर देव तसाच राहतो.”

“त्या माणसानं तुला वेड लावलंय, आई.”

तेव्हा तुझे हात थांबले. “त्यांना माणूस म्हणू नको. तुझे अण्णा गेल्यावर मला रोज ‘जेवली का’ म्हणून विचारणारं दुसरं कोण होतं, सांग बरं?”

मी रागानं निघून आले. पुढचे चार महिने मी तुला फोन केला नाही.

तूच केलास. मी ऑफिसात होते. तू आधी माझ्या नवऱ्याची विचारपूस केलीस, मग म्हणालीस, “महाराज म्हणत्यात, साखरेची सुई बंद कर, अंगारा घे. करू का गं बंद?” मला फक्त ‘महाराज’ एवढंच ऐकू आलं. म्हटलं, “मला कशाला विचारतेस? तुझे महाराज आहेत ना.” तू “बरं” म्हणालीस, आणि मीच फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी आश्रमातून निरोप आला, आईंनी देह ठेवला. मी पोचले तेव्हा तुला सभामंडपात निजवलं होतं, भजन चालू होतं, आणि तुझ्या गळ्यातले हार इतके ढिले ओवले होते की मला आधी त्याचाच संताप आला. पोलीस चौकीत साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. “त्यांना कुणी डांबून ठेवलं होतं का?” नाही. “औषध कुणी हिसकावून घेतलं?” नाही. “मग मी काय लिहू, ताई?” त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी मी इतक्या वर्षांनी कादंबरी लिहायला बसले.

लिहिताना मुदपाकखान्याच्या प्रकरणाशी अडले, म्हणून आश्रमात पूर्वी स्वयंपाक करणाऱ्या मावशींना शोधून काढलं. त्या आता पंचवटीत भाजी विकतात. मी तुझी मुलगी आहे म्हटल्यावर त्यांनी मला बाजूच्या पोत्यावर बसवून घेतलं. म्हणाल्या, “लय तहान लागायची तिला शेवटी. माठच्या माठ पाणी प्यायची. मी म्हनलं, बाई, सुई घे, हे अंगाऱ्याचं काम नाय. तर म्हनली, लेकीला विचारून बंद केलीय. लेक शिकलेली हाय माझी, ती हो म्हनली.”

आई, तू असं का सांगितलंस? लेक फोनवर तोडून बोलते, हे चारचौघींत सांगायची लाज वाटली म्हणून? की माझं ते वाक्य तुला खरंच होकार वाटलं? माझी हवालदारीण असती तर तिने तिथेच ठिय्या मारून आणखी चार प्रश्न विचारले असते. मी भेंडी निवडत राहिले. मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, “तुमी हो म्हनला व्हता ना?”

कादंबरी पुढच्या महिन्यात छापायला जाईल. प्रकाशक म्हणतात, सगळं जमलंय, फक्त फुलवालीची मुलगी पटत नाही. आईचं औषध बंद झालं हे तिला कळलंच नाही, असं कसं होईल? मी म्हटलं, तिला माहीत नव्हतं, राहू द्या तसंच. हा कागद त्यांना दाखवणार नाही, घरातही कुणाला नाही. तुला एवढंच सांगायचं होतं की त्या दिवशी मी भेंडीची पिशवी उचलली आणि म्हटलं, “नाही हो मावशी, तिनं मला काही विचारलंच नव्हतं.” त्या हळहळल्या. म्हणाल्या, “म्हंजे खोटं बोलली व्हय बिचारी.” आणि मी हो म्हणून मान हलवली.