मधल्या ओळीपासून

प्रिय वकीलबाई,

भर सभेत तू पुढे आलीस, आमच्या चिमणीच्या पुस्तकावर पानाच्या मधोमध बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "बाळा, इथून वाच." त्या क्षणी माझं सगळं बदललं. कॉलेज, आई, तू, मला स्वतःबद्दल जे काही वाटायचं ते, सगळंच. तुला वाटत असेल, हा अजून त्या दिवसाचा राग धरून बसलाय. धरलाय. पण हे रागाचं पत्र नाही. रागाची बरीच लिहून झाली आणि फाडून झाली. प्रत्येक पत्रात तुला भरपूर बोल लावून झाल्यावर शेवटी मी तुझी तब्येत कशी आहे ते विचारत होतो. असं भांडण कोण करतं सांग.

कॉलेजच्या मागच्या जिन्यावर आपण वादविवाद स्पर्धेची तयारी करायचो, ते आठवतं? सरकारनं शाळेला पैसे देण्याऐवजी प्रत्येक मुलाच्या नावानं व्हाउचर द्यावं आणि आईबापांनी ते घेऊन हव्या त्या शाळेत जावं, हा विषय. तू बाजूनं, मी विरोधात. आणि सरावाला तू बाजू बदलायला लावायचीस. मी व्हाउचरच्या बाजूनं बोलायला लागलो की तू सरकारी शाळेची अशी काही कड घ्यायचीस की मलाच वाटायचं, अरे, हे मला कसं सुचलं नाही. मी तावातावानं बोलायला लागलो की मनगटावरचा रबर ताणून माझ्या हातावर मारायचीस आणि म्हणायचीस, काडेपेटी, मुद्दा बोल. मुद्दा काय बोलणार? माझा मुद्दा समोर बसलेला असायचा, मनगटात रबर घालून. ते तुला कधी सांगितलं नाही. तुला कळलं नसेल असंही नाही. वकीलबाई हे नाव मी तुला उगाच ठेवलं नव्हतं, एवढं कळत नसेल तर कठीण आहे.

मग खरीच वेळ आली. आमच्या वस्तीत व्हाउचर सुरू करायचं घाटत होतं, आणि आईनं शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा बोलावली. तिची शाळा. म्हणजे सरकारची, पण मुख्याध्यापिका म्हणून ती इतकी वर्षं तिथे राबली की घरात आम्ही तिला तिचं माहेरच म्हणायचो. कॉलेज करता करता तू ज्या व्हाउचरवाल्या संस्थेचं काम करायचीस, तिच्याकडून बोलायला तूच येणार होतीस. मला काय उत्साह! भाषणं कोण ऐकतंय, पालकांना वर्गच दाखवू, ही कल्पना माझी. आईच्या वर्गात साठ मुलं एका सुरात वाचायची. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी बोट ओळीवर ठेवून ती पुन्हा म्हणायची. लहानपणापासून तो आवाज ऐकत आलोय मी, खिडकीच्या काचा थरथरायच्या. त्या दिवशी हॉलच्याही थरथरल्या. पालकांच्या डोळ्यांत पाणी आलं, मी तुझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तू माझ्याकडे बघतच नव्हतीस. तू पहिल्या रांगेतल्या चिमणीच्या बोटाकडे बघत होतीस.

चिमणी म्हणजे माझी भाची, ताईची मुलगी. तिचा आवाज सगळ्यांत मोठा, म्हणून मीच तिला पुढे बसवलं होतं. तिचा आवाज एका ओळीवर होता आणि बोट दोन ओळी पुढे निघून गेलं होतं. एवढ्या माणसांत ते तुला एकटीला दिसलं. तू मधोमध बोट ठेवलंस, "इथून वाच" म्हणालीस, आणि चिमणीनं छान मान डोलावून पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तू बोट आणखी खाली सरकवलंस. तिनं पुन्हा पहिल्या ओळीपासून. मागे कोणीतरी हसलं. आई फळ्याजवळ डस्टर हातात धरून उभी होती, आणि मला दिसत होतं की तिला आत्ता, या क्षणी, सगळ्यांबरोबरच कळतंय.

सभेनंतर शाळेच्या मैदानात मी तुला काय काय बोललो ते आता परत लिहीत नाही. तू माझ्या आईला चारचौघांत उघडं पाडलंस, हे त्यातलं सगळ्यांत सभ्य वाक्य. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तुझी आई नाही रे, ती पोरगी उघडी पडली. ती रोजच पडते. तुम्हाला आज दिसली." मग म्हणालीस की तूही अशाच एका वर्गात चौथीपर्यंत घोळक्याच्या आवाजात लपून वाचत होतीस, आणि आत्यानं औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचायला सांगितलं तेव्हा घरात कळलं. शाळा सुधारेल तेव्हा सुधारेल, तोवर मूल काही वयानं थांबून राहत नाही, असं म्हणालीस. तो मुद्दा तू जिन्यावर शंभरदा मांडला होतास. तेव्हा तो मुद्दा होता. त्या दिवशी तू स्वतःबद्दल बोलत होतीस हे मला घरी पोचल्यावर कळलं. मला गोष्टी नेहमी घरी पोचल्यावरच कळतात.

त्या संध्याकाळी आईनं चिमणीला मांडीवर घेतलं आणि एकेका शब्दावर बोट ठेवलं. चिमणी हसत हसत अख्खा धडा म्हणून मोकळी झाली. एकदा ऐकलं की तिला पाठ होतं, आणि आम्ही सगळे त्याचं कौतुक करत होतो. पाहुणे आले की म्हणून दाखव, चिमणे. आई उठली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली. ताई कपड्यांच्या कारखान्यातून दमून आली, तिला सांगायचं कोणी यावरून आमची कुजबुज चालली होती, तर चिमणीनंच सांगून टाकलं, आई, मी आज सगळ्यांना हसवलं.

एकेकाला वाचायला लावायचं तर साठ मुलांत एकाच्या वाट्याला काय येतं, असं आई कितीतरी वर्षं वर कळवत होती. एक जादा बाई द्या, मागे पडलेल्यांसाठी वेगळा तास द्या. वरून उत्तर यायचं, विचाराधीन आहे. म्हणून ते एका सुरातलं वाचन. ती तिची पद्धत नव्हती, तिची अडचण होती. आम्ही त्या अडचणीलाच पद्धत म्हणायला लागलो आणि मी तर तिचं प्रदर्शन मांडलं.

कॉलेज का सोडलं, हे तू कोणाकोणाला विचारलंस म्हणे. मी सगळ्यांना सांगितलं, आईला शाळेत मदत हवी आहे. ते खरंच आहे. पण तुझं बाक माझ्या पुढे होतं आणि तुझ्या पाठीकडे बघत तास काढणं मला जमणार नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. सरांनी बोलावून समजूत काढली, परीक्षा तरी दे म्हणाले. मी म्हटलं, देत नाही. एवढ्यावर एक शिक्षण संपलं. ताई म्हणते, लोक प्रेमात पडून कविता करतात, आमच्या येड्यानं कॉलेजातून नाव काढून घेतलं.

व्हाउचर आलं. तू जिंकलीस म्हणून नाही, ते येणारच होतं. पालक आईलाच विचारायला यायचे, बाई, कुठली शाळा बरी? आणि ही बया खरं खरं सांगायची. इथे गणित चांगलं आहे, तिथे बस आहे, त्या तिकडे मारतात. मी चिडायचो, म्हणायचो, आई, दुकानदार असं गिऱ्हाईक शेजारी पाठवतो का? ती म्हणायची, मी दुकानदार नाही रे. आधी गेली वाचता येणारी. शिंप्याची मुलगी, बेकरीवाल्याची दोघं, वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी सगळी. तुमच्या शाळा मुलाखत घेतात ना. आईबाप शाळा निवडतील असं तू म्हणायचीस. निवडली त्यांनी. मग शाळेनं मुलं निवडली. हे मी जिन्यावर म्हणालो होतो का? आठवत नाही. म्हणायला हवं होतं.

मागे उरले ते कोणालाच नको असलेले. बोलताना अडखळणारा एक, धाकट्या भावाला कडेवर घेऊन येणारी एक, सतत खिडकीबाहेर बघणारे दोघं. आणि आमची चिमणी. आणि गंमत बघ, आता आईचा वर्ग तिला आयुष्यभर हवा होता तेवढा झाला. ती एकेकाजवळ बसते. मी दुसऱ्या कोपऱ्यात बसतो. एका सुरातलं वाचन बंद. वर्गात इतकी शांतता असते की बाहेरून जाणाऱ्याला सुट्टी वाटावी. अडखळणारा पोरगा आता अख्खं वाक्य वाचतो, घाम पुसतो आणि वर बघतो, पास झाल्यासारखा. व्हाउचर नको होतं असंही मला आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. ते आलं नसतं तर आई अजून साठांसमोर उभी असती आणि काचा थरथरत असत्या. तू निम्मी बरोबर होतीस, मी निम्मा. तुझं निम्मं अमलात आलं, एवढाच फरक.

पट कमी झाला म्हणून सुट्टीनंतर शाळा बंद, असा हुकूम आलाय. मी शिक्षण खात्याच्या साहेबाकडे गेलो, म्हटलं, आत्ताच तर खरी शाळा सुरू झालीय. तो म्हणाला, आकडे बघा. मी टेबलावर हात आपटला, टेबलाची काच तडकली. त्यानं शिपायाला बोलावलं, शिपाई माझ्या खांद्यावर हात ठेवून जिन्यापर्यंत सोडायला आला. आई ऐकून एवढंच म्हणाली, काच भरून दे. त्या दिवसापासून ती शाळेत जास्त लवकर जाते. कपाटं आवरते, नकाशे गुंडाळते, परत उलगडते. जेवताना मध्येच थांबते. ती रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

आता उरलेल्यांनी जायचं कुठे? चिमणीचं व्हाउचर आहे. तिला घेऊन ताई एका शाळेत गेली, दुसऱ्या शाळेत गेली. गोड मुलगी आहे, पण आमच्या वर्गाबरोबर तिला जमणार नाही, असं दोन्हीकडे अगदी गोड बोलून सांगितलं. मग ताई तिला तुझ्या शाळेत घेऊन आली. संस्था सोडून तू इथे प्रवेशाचं काम बघतेस हे आम्हाला ठाऊक नव्हतं. चिमणी घरी येऊन म्हणाली, मामा, ती हॉलमधली ताई होती. तिनं परत माझ्या पुस्तकात मधेच बोट ठेवलं. आता गंमत अशी की तिला खरंच थोडं वाचता यायला लागलंय. आईजवळ बसली की छोटे छोटे शब्द लावते. पण तुझं बोट बघितलं आणि तिनं पहिल्या ओळीपासून पाठ म्हणायला सुरुवात केली, आणि तुझ्याकडूनही नकारच आला. तू तिला ओळखलंस का? खरं सांग. ओळखलं असशील तर तुला कसं झालं असेल, याचाच मी रात्रंदिवस विचार करतोय. नाकारलंस म्हणून संतापावं, तर तू मान खाली घालून शेरा लिहीत असशील असं डोळ्यांसमोर येतं आणि संतापही धड होत नाही. परवापासून चिमणी पुस्तकच उघडत नाही. पाठ होतं तेही म्हणत नाही. घरात इतकी गप्प कधी नव्हती.

तर मी आत्ता तुझ्या खोलीत, तुझ्या टेबलाशी बसून, तुझ्याच कागदावर हे लिहितोय. बाहेर पालकांची रांग आहे, पण 'मॅडमचे कॉलेजचे' म्हणून शिपायानं मला आत आणून बसवलं, पाणीही दिलं. पलीकडच्या खोलीतून तुझा मुलाखत घेतानाचा आवाज येतोय. मला आईनं पाठवलंय. होय, आईनं. सकाळी तिनं माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "तिला सांग, मी हात जोडून सांगितलंय, पोरीला घे. आणि तू भांडू नकोस." इतकी वर्षं शाळेशिवाय दुसऱ्या कशासाठी ती कोणापुढे काही मागायला गेली नाही. मला वाटलं होतं समोर बसून बोलेन, पण तुझा आवाज ऐकला आणि कळलं की मी एक तर भांडेन, नाही तर दुसरंच काहीतरी बोलून बसेन, आणि त्या दोन्हींत चिमणीचं काम राहून जाईल. म्हणून लिहून ठेवतोय. तिला घे. तिला वाचता येतं असं मी खोटं सांगत नाही. येत नाही म्हणूनच घे. जिन्यावर बसून तू ज्या मुलासाठी माझ्याशी भांडायचीस ते मूल हेच आहे, दुसरं कुठलं नाही. एकटीला जवळ बसव, घाई करू नकोस, सुरुवातीला बोट तिचं तिला ठेवू दे. मी परत तुझ्यासमोर येणार नाही, त्याची काळजी करू नकोस. माझं तुझ्यावर प्रेम आहे ते आहे, ते या अर्जाला जोडलेलं नाही. हो किंवा नाही, जे असेल ते आईला कळव, मला नको. पलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, तू आता येशील. कागद पेपरवेटखाली ठेवतो, खिडकीतून वारा येतोय, म्हणून निघताना दार घट्ट ओढून घेतो.

तुझाच,
काडेपेटी