शिवूच्या पोटावरचे चटके

लातूर, एप्रिल १९८६

ती. नीलाअक्कास तुझ्या धाकटीचा शरणार्थ.

घाबरू नकोस. माझ्या नातवाला, शिवूला, न्यूमोनियामुळे अचानक दवाखान्यात ठेवावं लागलं. आज थोडं दूध प्यायला.

धाप लागली तेव्हा विहीणबाई पार्वतम्मांनी "डब्बा झालाय, पोट उडतंय" म्हणत त्याच्या पोटावर बिब्ब्याचे चटके दिले आणि डॉक्टरकडे न्यायला उशीर केला. वर मलाच विचारतात, "कॉन्व्हेंटात लेकरं जगवायचं शिकवलं न्हाई व्हय?" म्हटलं, "भाजायचंही नाही शिकवलं."

लातूर जिल्हा झाला. साहेबांच्या जीपा रोज धुतल्या जातात. वॉर्डात मात्र मी बाहेरून पाणी आणते. नांदेडला नळाला पाणी येतं का?

खोकला आला की पोटावरचे फोड ताणले जातात आणि शिवू किंचाळतो. रडण्याइतका श्वास आला म्हणून नर्स खूश आहे. मला ते रडणं ऐकवत नाही.

तुझी,
गिरिजा